कॅम्पर व्हॅननं कित्तूर, देगाव, हलशी: आधी मुक्काम, मग वाडा

बेळगाव, कित्तूर, देगाव, नंदगड, हलशी, खानापूर आणि परत बेळगाव हा फेरा दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर भरतो. कारवाला सकाळी निघतो आणि रात्री जेवायला घरी येतो. व्हॅनवाल्यानं तोच हिशेब धरला की पंचाईत होते. कित्तूरला दुपार मोडते, देगावला ऊन कलतं आणि नंदगडच्या अलीकडं अंधारात जागा शोधायची पाळी येते. अंधारात सपाट दिसणारी जागा बहुतेक वेळा कुणाचं तरी नांगरून ठेवलेलं रान असतं. म्हणून मुक्कामाच्या जागा आधी ठरवायच्या आणि त्यांच्या मधे जेवढं बसेल तेवढंच बघायचं. दुपारी साडेचारला गाडी जागेवर उभी पाहिजे. डिसेंबरात सहानंतर उजेड फार टिकत नाही.

चौघांसाठी हा फेरा तीन दिवस, दोन रात्रींचा धरा. पहिली रात्र कित्तूरच्या आसपास, दुसरी खानापुरात. हाताशी आणखी दोन दिवस असतील तर बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक ही पूर्वेची बाजू जोडता येते, तिच्याबद्दल शेवटाकडं.

हंगाम

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिमेकडं पाऊस असा लागतो की व्हॅनच्या छताच्या प्रत्येक सांध्याची परीक्षा होते, आणि आतले ओले कपडे चार दिवस वाळत नाहीत. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो. कित्तूरच्या पूर्वेला काळी माती आहे. तिच्यावर अर्ध्या तासाची सर पडली की तीन टनांची गाडी जागची हलत नाही. मार्चनंतर ऊन चढतं आणि पत्र्याच्या गाडीत दुपारी बसवत नाही.

तारखाही बघून घ्या. २३ ते २५ ऑक्टोबर हा कित्तूर उत्सव. गर्दी पाहायची असेल तर जरूर जावं, वाडा पाहायचा असेल तर ते तीन दिवस सोडावेत. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, बेळगाव शहरात मिरवणुका, फेऱ्या आणि बंदोबस्त असतो, बरेच रस्ते वळवलेले असतात. त्या दिवशी मोठी गाडी शहरात घालू नये. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, अधिवेशन भरलं की बेळगावातली लॉजं भरतात आणि महामार्गावर हलग्याजवळ गाड्या खोळंबतात.

गाडी कोणती, कागद कोणते

या रस्त्यांना टेम्पो ट्रॅव्हलरच्या आकाराची, साडेपाच ते सहा मीटर लांबीची व्हॅन पुरे. बसच्या सांगाड्यावर बांधलेली आठ-नऊ मीटरची कॅराव्हॅन महामार्गावर रुबाबात धावते, पण देगाव-नंदगड रस्त्यावर समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला मागं जावं लागतं, आणि एसटीवाला जात नाही.

भाड्याची गाडी महाराष्ट्रातून आणत असाल तर तिला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, नसल्यास कर्नाटकाचा कर भरला आहे का, हे निघण्याआधी मालकाकडून कागदावर दाखवून घ्या. ‘पुढं बघूया की’ म्हणणाऱ्या मालकाची गाडी घेऊ नका. कोगनोळीला थांबायची वेळ तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही. स्वतःची खाजगी गाडी असेल तर दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवल्याशिवाय नव्या नोंदणीचा प्रश्न येत नाही. मात्र साध्या व्हॅनमधे घरच्या घरी ओटा, पलंग आणि संडास बसवून घेतला असेल, तर तो बदल आरटीओकडं मंजूर करून आरसीवर चढवलेला हवा. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आरसी आणि गाडी यांत मेळ नसला तर अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. फास्टॅगचा वर्गही आरसीशी जुळतो का बघा. कोल्हापूरकडून येताना कोगनोळी आणि हत्तरगी, कित्तूरकडं जाताना हिरेबागेवाडी, खानापूरहून परतताना गणेबैल, असे नाके लागतात.

उंचीचं काम निघण्याआधी उरका. सोलर पॅनेल आणि छतावरचा पंखा धरून सगळ्यात उंच टोकापर्यंत टेपनं मोजा, त्यात १५ सेंटीमीटर मिळवा आणि आकडा मोठ्या अक्षरांत डॅशबोर्डवर चिकटवा. गावच्या कमानी, जत्रेचे मांडव, चिंचेच्या फांद्या आणि घरगुती जोडणीच्या लोंबत्या तारा, या चार गोष्टी छत खातात. कमानीवर उंची लिहिलेली नसते. शंका आली की एकानं खाली उतरून बघायचं.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी लागत नाही. पाण्याची टाकी भरून, सामान आणि माणसं घेऊन गाडी एकदा वजनकाट्यावर चढवा. साखर कारखान्यांच्या या मुलखात काट्याला तोटा नाही. पावतीवरचा आकडा आरसीतल्या एकूण वजनापेक्षा कमी हवा. मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन पुन्हा मोजा. घरी बांधलेल्या व्हॅनमधे पाणी, बॅटरी आणि ओटा असं सगळं मागच्या ॲक्सलच्या मागं गेलेलं असतं. त्यानं पुढची चाकं हलकी होतात, आणि हत्तरगी-काकतीच्या मधल्या वंटमुरी घाटात वळणावर स्टिअरिंग पोहल्यासारखं वाटतं.

पाणी आणि सांडपाणी

पिण्या-शिजवण्याला माणशी ५ लिटर, भांडी, हात-तोंड आणि काटकसरीची अंघोळ धरून माणशी २५ लिटर रोज. चौघांना एका दिवसाला १०० लिटर, म्हणजे १०० किलो. २०० लिटरची टाकी पूर्ण भरून पळवण्यापेक्षा १०० लिटर भरा आणि रोज संध्याकाळी मुक्कामावर पुन्हा भरा. पिण्याचं पाणी टाकीत टाकू नका. २० लिटरचा जार वेगळा ठेवा. गावोगावी शुद्ध पाण्याची यंत्रं आहेत, नाणं टाकलं की पाणी येतं, म्हणून १, २ आणि ५ रुपयांची नाणी बाळगा.

बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. नळाच्या तोंडाला पांढरी पुटं धरतात आणि बारीक जाळी तुंबते. पंप धापा टाकायला लागला की पंप बदलायला धावू नका. आधी त्याच्या आतल्या बाजूची गाळणी काढा आणि व्हिनेगरमधे अर्धा तास भिजवा. निम्म्याहून जास्त वेळा दुखणं तिथंच असतं.

कॅसेट संडासाची, म्हणजे गाडीतल्या संडासाची ओढून काढता येणारी, पेटी साधारण १८ ते २० लिटरची असते आणि चौघांत दीड दिवसात भरते. ती रिकामी करायची जागा म्हणजे लॉजचा किंवा पेट्रोलपंपाचा सेप्टिक टँकवाला संडास, तोही विचारून. बांधावर, ओढ्यात, विहिरीजवळ कधीही नाही. गावाला कळतं, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या व्हॅनला तिथं थारा मिळत नाही. पेटीत फॉर्मलीनवालं औषध न घालता एन्झाइमवालं घाला. फॉर्मलीन सेप्टिक टँकमधले जंतू मारतं आणि टँकमधली घाण कुजायची थांबते. भांड्यांचं सांडपाणी डब्यात साठवा. खरकटं आधी पुसून काढलं तर त्याला वास सुटत नाही.

वीज

कागदावर हिशेब मांडल्याशिवाय विजेत कुणीच वाचत नाही. ४५ वॉटचा १२ व्होल्टवरचा फ्रीज या हवेत दिवसाला ४०० ते ५०० वॉट-तास खातो. २५ वॉटचा पंखा आठ तास म्हणजे २००, दिवे ५०, चार मोबाइल ६०. बेरीज सातशे ते आठशे. १०० अँपिअर-तासाची साधी ट्यूब्युलर बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे हाती ६०० येतात आणि पहाटे फ्रीज बंद पडतो. त्याच आकाराच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीतून हजाराच्या वर मिळतात. छतावर २०० वॉटचं पॅनेल असेल तर हिवाळ्यात दिवसाला सहाशेच्या आसपास परत येतात, पण गाडी झाडाखाली लावली की हा हिशेब विसरायचा. चालत्या गाडीतून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर दोन तासांत सातशेच्या आसपास भरतो. तो नसेल तर नव्या गाड्यांचा अल्टरनेटर मागची बॅटरी अर्धवटच भरून थांबतो. १,५०० वॉटची इंडक्शन शेगडी बॅटरीवर चालवायला १२ व्होल्टला १२५ अँपिअरच्या वर लागतात. जाड वायर, मोठा इन्व्हर्टर, आणि तरी चहाच. त्यापेक्षा गॅस बरा.

मुक्कामावर बाहेरची वीज घ्यायची असेल तर १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट मागा. प्लग लावण्याआधी मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ असं दोन्ही तपासा. दुसरा आकडा चार-पाच व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग नावापुरतं आहे असं समजा. पत्र्याची गाडी आणि फुटकं अर्थिंग ही जोडी अनवाणी उतरणाऱ्या पोराच्या जिवावर येते. गाडीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवाच. एक्स्टेन्शनची वायर २.५ चौरस मिलिमीटरची, २० मीटर, आणि वापरताना रीळावरून पूर्ण सोडलेली. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते आणि वितळते. शेतपंपाच्या थ्री फेज लाइनवर आकडा मारू नका, शेतकऱ्यानं आपुलकीनं ‘घ्या की’ म्हटलं तरी. ती लाइन वेळापत्रकावर चालते, व्होल्टेज कधीही कोसळतं किंवा उसळतं, आणि ते बेकायदाही आहे.

गॅस आणि थंडी

५ किलोचं सिलिंडर पुरतं. ते बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या पेटीत ठेवा आणि पेटीच्या तळाला भोक ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. वरच्या खिडकीचा त्याला उपयोग नाही. गाडी चालू करण्याआधी व्हॉल्व्ह बंद. घरचं १४.२ किलोचं लाल सिलिंडर गाडीत आणू नये.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे इकडं हुडहुडी भरते. शेगडी किंवा घमेल्यातले निखारे गाडीत घेऊन झोपायची चूक करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोपेतून जागा होत नाही. दोन घोंगड्या घ्या, छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवा. बंद गाडीत चौघांच्या श्वासानं पत्र्याला आतून घाम सुटतो आणि गाद्या ओल्या होतात, तेही त्यानं टळतं.

शिधा

दुपारचा स्वयंपाक गाडीत करायच्या भानगडीत पडू नका. बेळगावातून कडक भाकरी, शेंगाचटणी, कारळाची चटणी आणि दही घ्या. कडक भाकरी आठवडाभर टिकते, फ्रीज लागत नाही, भांडी पडत नाहीत. गोडाला बेळगावचा कुंदा आहेच. रात्री खानावळीत गरम भाकरी आणि एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, खा. गॅस चहाला आणि पोह्यांना ठेवा. तिसऱ्या दिवशी परतताना रताळी मिळाली तर पिशवी भरून घ्या.

पहिला दिवस: बेळगाव ते कित्तूर

अंतर पन्नासेक किलोमीटर, सगळं राष्ट्रीय महामार्ग ४८ वर. बेळगावातून उशिरात उशिरा आठला निघा. एम. के. हुबळीला मलप्रभा ओलांडाल तिथं साखर कारखाना आहे, आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर १५ ते २० मीटर लांब असतो, मागं दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो. ओव्हरटेक करताना कारइतकीच जागा धरली तर आरसा जातो. रात्री या रस्त्यावर व्हॅन घालूच नये.

कित्तूर फाट्याला उतरलं की सेवारस्त्यावर थांबून गावाच्या बाजूचा वाहनतळ विचारा. गाडी किल्ल्याच्या दारापर्यंत नेण्याचा हट्ट नको. तटाच्या सावलीत लावायचा मोह होतो, पण जुन्या भिंतीचे दगड सुटतात, आणि तटाला, कमानींना आग्यामोहोळं लागलेली असतात. अत्तर, धूप, उदबत्ती, सिगारेट, सगळं गाडीत ठेवून उतरायचं.

वाडा कसा बघायचा

कित्तूर हे देसाई संस्थान. २३ ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्मांच्या फौजेनं धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला इथं लढाईत पाडलं. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला पडला. राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथंच १८२९ साली त्यांचा अंत झाला. समाधी बैलहोंगलात आहे. जन्मगाव काकती, म्हणजे कोल्हापूरकडून येताना बेळगावच्या तोंडाशी लागलं तेच.

आज वाड्याला छप्पर नाही. जोती, जाड भिंती आणि खोल्यांचा आराखडा उरला आहे, म्हणून नुसतं फिरून आलं की ‘काय बघितलं?’ असं वाटतं. सोबत राहता वाडा डोळ्यासमोर आणायला शिका. आधी देवडी (दाराशी पहारेकऱ्यांची जागा) शोधा, मग सदर (कारभाराची बैठक), मग चौक, आणि मागं न्हाणी व स्वयंपाकघर. देसाई-इनामदारांच्या वाड्यांचा क्रम बहुधा असाच लागतो. भिंतीत ओळीनं चौकोनी खाचा दिसल्या तर त्या तुळयांच्या. खाचांच्या दोन ओळी असल्या तर वर माडी होती. जमिनीवर मधे खळगा असलेले दगड म्हणजे लाकडी खांबांच्या तळखड्या. त्या मोजल्या की सोपा किती खणी होता, म्हणजे दोन खांबांमधले गाळे किती होते, ते कळतं. उतारानं जाणारी दगडी पन्हळ धरून गेलं की न्हाणीघर सापडतं. मुलांना हा शोधाशोधीचा खेळ लावून दिला तर दीड तास निघतो.

ध्रुव तारा बघण्यासाठी भिंतीत ठेवलेलं भोक इथं दाखवतात. ध्रुव आकाशात किती उंचीवर दिसतो ते त्या गावाच्या अक्षांशावर ठरतं. कित्तूर साडेपंधरा अंशांच्या जरा वर आहे, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर. त्यामुळं अशा भोकाचं तोंड उत्तरेला आणि चढ अगदी हलका असावा लागतो. आत डोकावताना मोबाइलमधलं होकायंत्र उघडून ताडून बघा.

संग्रहालयाची वेळ आणि सुट्टी आदल्या दिवशी विचारून ठेवा. वास्तू संरक्षित आहे, त्यामुळं परवानगीशिवाय ड्रोन नाही, भिंतीवर चढणं नाही, आवारात चूल नाही.

वाटेतल्या गावांत अजून नांदते वाडे आहेत. तिथं दारात उभं राहून फोटो काढायला सुरुवात करायची नाही. दिंडीतून, म्हणजे मोठ्या दारातल्या लहान दारातून, हाक द्यायची: मराठी गावात ‘काका, वाडा बघितला तर चालंल काय?’, कानडी गावात आधी ‘अण्णा’, ‘अक्का’ किंवा वडीलधाऱ्याला ‘अज्जा’. चपला देवडीत. देवघर आणि बायकांची खोली यांचे फोटो नाहीत. माडीवर एका वेळी दोघंच, तेही तुळईच्या रेषेत पाय टाकत. कडीपाट, म्हणजे माडीची लाकडी जमीन, वरून धड दिसतो आणि आतून वाळवीनं पोखरलेला असतो. चहा आला तर बसायचं, घाईत आहोत असं सांगायचं नाही.

रात्रीची जागा

पसंतीचा क्रम असा ठेवा: लॉजचं आवार, चोवीस तास चालू पेट्रोलपंपाची कडेची जागा, देवस्थानाचं पटांगण, शाळेचं मैदान. देवस्थानात पुजाऱ्याला, शाळेत मुख्याध्यापकांना किंवा पंचायतीत विचारायचं, आणि शाळेतून सकाळी प्रार्थनेच्या तासभर आधी हलायचं. लॉजवाल्याशी एक खोली घेण्याचा सौदा करा. चौघांची अंघोळ, संडासाची पेटी, पाणी, वीज, सगळं त्या एका खोलीत भागतं.

उसाच्या फडाशेजारी मुक्काम नको. तिथं उंदरांमागं साप आणि रानडुकरं येतात, शिवाय तोडणी झाल्यावर पाचट पेटवतात. नदीच्या पात्रात, धरणाच्या खालच्या अंगाला गाडी लावू नये. वरून पाणी सोडलं की पळायला वेळ मिळत नाही.

जागेवर आल्यावर गाडी तोंड रस्त्याकडं करून लावा, म्हणजे रात्री निघावं लागलं तर मागं घ्यावी लागणार नाही. अर्धी भरलेली बाटली ओट्यावर आडवी ठेवून दोन्ही दिशांनी समतल बघा. दोन बोटांपेक्षा जास्त उतार असेल तर खालच्या चाकाखाली फळी घाला. उशी चढाच्या बाजूला. हँडब्रेक, गिअर आणि चाकामागं दगड, तिन्ही. सकाळी निघताना दगड उचलून ठेवायला विसरू नका. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तो दिसत नाही.

दुसरा दिवस: देगाव, नंदगड, खानापूर

कित्तूरपासून देगाव सहा-सात किलोमीटर. तिथलं कमलनारायण मंदिर बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळचं. राणी कमलादेवीनं बांधवलं, घडवणारा तिप्पोज. तीन गाभारे एका ओळीत आहेत. सकाळी ऊन आडवं असताना पोचलात तर कोरीव काम उठून दिसतं, अकरानंतर सगळं सपाट होतं. म्हणून हे ठिकाण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं घ्यायचं.

पुढं बिडीवरून नंदगडला जाणारा रस्ता अरुंद आहे. इथं वेग ताशी ३० ते ४०. गावात शिरताना आणि सुटताना गतिरोधक असतोच, पांढरे पट्टे असतीलच असं नाही. कडेला उतरायची वेळ आली तर आधी कड किती खोल ते बघा. डांबराची कड वीतभर तुटलेली असते आणि तिनं टायरची बाजू फाटते. बैलगाडी पुढं असली तर हॉर्न वाजवून बैल बुजवू नका, मागं राहा, गाडीवान जागा मिळाली की हात करतो.

जसजसं पश्चिमेला जावं तसतशी माती काळ्याची तांबडी होते, जोंधळा मागं पडतो, भाताची खाचरं सुरू होतात आणि कानडीच्या जागी मराठी ऐकू यायला लागते. नंदगडला राणी चन्नम्मांचे लढवय्ये संगोळ्ळी रायण्णा यांची समाधी आहे. २६ जानेवारी १८३१ ला त्यांना इथं फाशी दिलं. २६ जानेवारीला इथं गाडी लावायला जागा मिळत नाही.

नंदगडहून खानापूर दहा-बारा किलोमीटर. दुपारी तीनपर्यंत पोचा आणि मुक्काम खानापूर गावातच करा. जांबोटी, कणकुंबी, हेम्मडग्याकडची झाडी मोहात पाडते, पण तो भीमगड अभयारण्याचा परिसर. २०११ साली घोषित झालेलं हे रान गव्यांचं आणि अस्वलांचं आहे. परवानगीशिवाय कडेला गाडी लावून झोपता येत नाही. संध्याकाळी असोग्याला मलप्रभेकाठच्या मंदिरात चालत फिरून या. काल एम. के. हुबळीला ओलांडलेली नदी ती हीच, इथं अजून लहान आहे. खानापूर मातीच्या भांड्यांचं आणि कौलांचं जुनं गाव. माठ घेतलात तर तो कपड्यांच्या पिशव्यांमधे, खाली जमिनीवर ठेवा. वरच्या कप्प्यातला माठ पहिल्या गतिरोधकाला जातो.

तिसरा दिवस: हलशी आणि परत

हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंबांची दुसरी राजधानी. खानापूरहून पंधरा किलोमीटरच्या आसपास. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात उभं राहून दुसरा दिसतो. गाडी गावाबाहेर लावून चालत जा; आतल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत आणि वळायला जागा नाही. परतीला खानापूर-बेळगाव २६ किलोमीटर. जेवण करून निघालात तरी उजेडी बेळगाव गाठता.

गाडी रुतली तर

ॲक्सिलरेटर दाबत राहणं ही पहिली आणि सगळ्यात महागडी चूक. चाक जागच्या जागी फिरलं की काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. थांबा, सगळ्यांना उतरवा, टाकीतलं पाणी सोडून द्या. शंभर किलो तिथंच कमी होतात. इंजिन ज्यांना फिरवतं त्या चाकांच्या टायरची हवा नेहमीच्या दोन-तृतीयांशापर्यंत उतरवा, पुढची माती फावड्यानं काढा, चाकाखाली पोती किंवा वाळला पाला दाबून घाला, आणि दुसऱ्या गिअरमधे हळूच क्लच सोडा. दोनदा जमलं नाही तर ट्रॅक्टर बोलवा. दोर बंपरला बांधू नका. ओढायच्या हुकाला किंवा चासीला बांधा, आणि ओढताना दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये. निघाल्यावर हवा भरल्याशिवाय वेगात जायचं नाही, म्हणून १२ व्होल्टचा पंप सोबत असावा. ट्रॅक्टरवाल्याचे पैसे आधी बोलून घ्या. बऱ्याचदा तो ‘राहू दे की’ म्हणतो, तेव्हा डिझेलपुरते तरी हातात ठेवावेत.

महामार्गावर बिघाड झाला तर १०३३, बाकी कुठंही ११२.

पूर्वेचे दोन दिवस

कित्तूरहून बैलहोंगल, तिथून सौंदत्ती, पुढं यरगट्टीवरून गोकाक. सौंदत्ती तालुक्यात शिरसंगीला देसायांचा वाडा आहे. बेळगावचं लिंगराज कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते लिंगराज देसाई या घराण्यातले. मार्गशीर्ष आणि माघी पौर्णिमेच्या आगेमागे यल्लम्माच्या जत्रेनं सगळे रस्ते बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांनी भरतात, तेव्हा व्हॅन तिकडं नेऊ नये. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, पण जानेवारीनंतर नुसता खडक दिसतो. मात्र करदंट ही इथली मिठाई बारमाही मिळते.

या बाजूला एक धोका बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. सुगीत जोंधळा, हरभरा मळायला रस्त्यावर पसरतात. वरून जाणाऱ्या गाड्यांनी मळणी होते, शेतकऱ्याचं काम फुकट होतं. व्हॅनच्या बुडाला मात्र ते काड शाफ्टभोवती गुंडाळलं जातं, तापलेल्या सायलेन्सरला टेकतं आणि पेटतं. शक्य असेल तर कडेनं जा. जाणं भागच असेल तर पुढं शंभर-दोनशे मीटरवर थांबून खाली वाकून बघा आणि काड हातानं ओढून काढा. एक किलोचं आग विझवायचं नळकांडं ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा. मागच्या कप्प्यात सामानाखाली असलेलं वेळेला सापडत नाही.